लेस माइल्स आणि चौथ्या डाउनचा हिशेब

अमेरिकेतील लुइझियाना राज्याची राजधानी बॅटन रूज येथे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे एलएसयू, हे सरकारी विद्यापीठ आहे. त्याच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून लेस माइल्स यांनी २००५ ते २०१६ या काळात काम केले. मैदानावर या काळात संघाने ११४ सामने जिंकले, ३४ गमावले आणि एकदा राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. एवढी भक्कम कामगिरी असूनही माइल्स यांचे नाव निघाले की अमेरिकी चाहत्याला आधी आठवतात ती त्यांची धाडसी डावपेचांची उदाहरणे, डोक्यावर उंच बसवलेली पांढरी टोपी आणि पत्रकार परिषदांतील अर्धवट तुटलेली, भलतीकडेच वळणारी वाक्ये. टोपी आणि चाली या दोन्हींमुळे त्यांना ‘मॅड हॅटर’, म्हणजे वेडा टोपीवाला, हे टोपणनाव पडले. ते जुगारी आहेत आणि नशीबवान आहेत, असे त्यांच्याविषयी वर्षानुवर्षे लिहिले गेले.

या दोन्ही विशेषणांत तथ्य आहे, पण ती सरसकट लावल्यामुळे दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली, असे मला वाटते. माइल्स यांचे चौथ्या डाउनवरचे बहुतेक निर्णय गणिताला धरून होते, तर घड्याळाचे व्यवस्थापन खरोखरच बेभरवशाचे होते. ही गल्लत का झाली, हे कळण्यासाठी आधी खेळाचा एक नियम समजून घ्यावा लागेल.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला किमान १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. चार प्रयत्नांत १० यार्ड कापले की पुन्हा नवे चार प्रयत्न मिळतात, आणि असे करत करत प्रतिस्पर्ध्याच्या टोकाची रेषा ओलांडली की टचडाउनचे सहा गुण मिळतात. त्यानंतर चेंडू खांबांमधून मारून आणखी एक गुण मिळवता येतो किंवा थोडा धोका पत्करून दोन गुणांसाठी प्रयत्न करता येतो. खरा पेच येतो तो तिसरा प्रयत्न फसल्यावर. चौथ्या डाउनवर प्रशिक्षकापुढे तीन वाटा असतात. चेंडू लांबवर लाथाडून तो प्रतिस्पर्ध्याला शक्य तितक्या मागे घ्यायला लावायचा, याला पंट म्हणतात. खांब टप्प्यात असतील तर फील्ड गोल मारून तीन गुण घ्यायचे, ही दुसरी वाट. तिसरी वाट म्हणजे उरलेले अंतर कापण्यासाठी खेळायचेच. ते जमले नाही तर चेंडू आहे त्याच जागी प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्यावर येणारी ‘डू ऑर डाय’ चढाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या क्षणाचा ताण सहज कळेल. फरक एवढाच की कबड्डीत ती चढाई टाळता येत नाही, आणि फुटबॉलमध्ये चौथा डाउन टाळण्याची सन्माननीय सोय आहे.

बहुतेक प्रशिक्षक अनेक दशके ही सोय वापरत आले. हे शहाणपणाचे होते का, याचा हिशेब कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी व्यावसायिक फुटबॉलची आकडेवारी घेऊन मांडला, आणि त्यांचा निबंध २००६ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील एक उदाहरण कागद-पेन्सिलीने सोडवण्याइतके सोपे आहे. समजा, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकापासून दोन यार्डांवर आहे आणि चौथा डाउन आहे. तेथून फील्ड गोल जवळपास हमखास होतो, म्हणजे तीन गुण पक्के. टचडाउनचा प्रयत्न सातांपैकी सुमारे तीन वेळा यशस्वी होतो आणि त्यातून साधारण सात गुण मिळतात, म्हणजे सरासरी पुन्हा तीनच गुण हाती लागतात. वरवर पाहता दोन्ही वाटा सारख्या आहेत. पण टचडाउनचा प्रयत्न फसला तर प्रतिस्पर्ध्याला आपल्याच टोकापासून दोन यार्डांवर, अगदी अडचणीच्या जागी, खेळ सुरू करावा लागतो. उलट फील्ड गोलनंतरच्या किकमुळे त्याला बरीच मोकळी जागा मिळते. म्हणून खेळणे अधिक फायद्याचे ठरते. अशी बेरीज-वजाबाकी मैदानाच्या प्रत्येक जागेसाठी केल्यावर रोमर यांचा निष्कर्ष असा निघाला की प्रशिक्षक चौथ्या डाउनवर खेळायला हवे त्यापेक्षा खूपच कमी वेळा खेळतात.

मग ते का खेळत नाहीत? याचे उत्तर मैदानाबाहेर, पत्रकार परिषदेच्या खोलीत सापडते, असे माझे मत आहे. पंट करून सामना हरला तर दोष खेळाडूंच्या वाट्याला जातो. चौथ्या डाउनवर खेळून हरला तर पहिला प्रश्न प्रशिक्षकाला विचारला जातो, आणि तो प्रश्न आठवडाभर वर्तमानपत्रांत, नभोवाणीवर आणि चाहत्यांच्या तोंडी राहतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल किंवा न्यायाधीश नसून सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. इतक्या महागड्या माणसाला काढून टाकण्याची मागणी करायला लोकांना फारसे कारण लागत नाही. त्यामुळे प्रशिक्षकाच्या मनातील हिशेबात गुण आणि यार्ड यांच्याबरोबर ‘उद्या मला काय विचारतील’ हेही एक कलम असते. माइल्स यांचे वैशिष्ट्य असे की हे कलम त्यांनी कधी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

२००७ चा हंगाम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २२ सप्टेंबरला साउथ कॅरोलिनाविरुद्ध एलएसयूचा संघ फील्ड गोलसाठी उभा राहिला. अशा वेळी एक खेळाडू गुडघा टेकून चेंडू जमिनीवर धरतो आणि दुसरा तो मारतो. बचाव करणारे सगळे किक अडवण्यासाठी धावून येतात आणि त्यामुळे त्यांची मागची बाजू उघडी पडते. चेंडू धरणारा होता क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळून चेंडू फेकणारा खेळाडू, मॅट फ्लिन. त्याने मागे न पाहताच चेंडू खांद्यावरून वर उडवला, किक मारणाऱ्या कोल्ट डेव्हिडने तो धावता धावता झेलला आणि १५ यार्ड पळून टचडाउन केले. समोरच्या संघाचे प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर होते, जे स्वतःच फसव्या चालींसाठी आणि पत्रकारांना चिमटे काढण्यासाठी प्रसिद्ध होते. एलएसयूने तो सामना २८-१६ असा जिंकला.

दोन आठवड्यांनी, ६ ऑक्टोबरला, गतविजेत्या फ्लोरिडाविरुद्धच्या सामन्यात एलएसयू एका टप्प्यावर १० गुणांनी मागे होता. त्या रात्री माइल्स चौथ्या डाउनवर पाच वेळा खेळले आणि पाचही वेळा यशस्वी झाले. शेवटच्या चढाईत जेकब हेस्टर या दणकट धावपटूच्या हाती चेंडू देऊन संघ एकेक यार्ड पुढे सरकत राहिला, आणि खेळ संपायला १ मिनिट ९ सेकंद असताना हेस्टरनेच टचडाउन करून सामना २८-२४ असा फिरवला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ‘जुगार’ हा शब्द सगळीकडे होता. पण या पाच प्रयत्नांतील चालींकडे नीट पाहिले तर त्यांत अघोरी असे फारसे काही नव्हते. निर्णायक क्षणी एक-दीड यार्ड हवे होते, आणि त्यासाठी संघातील सर्वांत भरवशाच्या खेळाडूला मधल्या फळीमागून घुसवले गेले. माइल्स हे मिशिगन विद्यापीठात बो शेम्बेकलर यांच्या हाताखाली खेळलेले, रेटारेटी करणाऱ्या आक्रमक फळीत तयार झालेले खेळाडू. समोरच्याला ढकलत एक यार्ड मिळवता येत नसेल तर आपण जिंकायला लायकच नाही, ही त्या घराण्याची शिकवण. धाडस होते ते निर्णयात. चाल मात्र अगदी जुन्या वळणाची होती.

याच हंगामात ही पद्धत फसलीही. पुढच्याच आठवड्यात, अव्वल क्रमांकावर असताना, केंटकीविरुद्ध तिसऱ्या जादा डावात चौथ्या डाउनवर दोन यार्ड हवे होते. धाव थोडक्यात कमी पडली आणि सामना ४३-३७ असा गेला.

त्याच्या पुढच्या शनिवारचा, २० ऑक्टोबरचा, ऑबर्नविरुद्धचा सामना या साऱ्या वादाचा गाभा आहे. एलएसयू २४-२३ असा एका गुणाने मागे होता आणि चेंडू ऑबर्नच्या २२ यार्डांच्या रेषेवर होता. फील्ड गोलचे अंतर काढायचे तर रेषेच्या आकड्यात साधारण १७ मिळवायचे, कारण खांब टोकाच्या रेषेच्या १० यार्ड मागे असतात आणि किकसाठी चेंडू सुमारे सात यार्ड मागे धरला जातो. म्हणजे ३९ यार्डांची, महाविद्यालयीन खेळाडूला जमण्याजोगी किक समोर होती, आणि तिने सामना जिंकता आला असता. सगळ्यांची अपेक्षा होती की संघ घड्याळ थांबवेल आणि किकसाठी खेळाडू पाठवेल. प्रत्यक्षात घड्याळ पळत राहिले, दहाहून कमी सेकंद उरल्यावर चेंडू खेळात आला आणि फ्लिनने थेट टोकाच्या पट्ट्यात डिमीट्रियस बर्डकडे फेकला. बर्डने तो झेलला तेव्हा घड्याळात एक सेकंद शिल्लक होता. निकाल ३०-२४.

येथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. किकची खात्रीची संधी हातात ठेवून त्याआधी एक फेक करून पाहावी का? यात गैर काही नाही. चेंडू खाली पडला तर घड्याळ आपोआप थांबते आणि किक मारता येते. पण ती फेक करायला इतका उशीर लावावा का? चेंडू आणखी दोन सेकंद हातात आणि हवेत राहिला असता किंवा चेंडू झेलणारा मैदानातच पाडला गेला असता, तर किक मारण्यासाठी वेळच उरला नसता. पहिला निर्णय बरोबर होता, त्याची अंमलबजावणी बेफिकीर होती. बातम्यांनी मात्र दोन्हींना मिळून एकच नाव दिले, आणि माइल्स यांनीही ते दुरुस्त करण्याची तसदी घेतली नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस एलएसयू पुन्हा अव्वल क्रमांकावर असताना आर्कान्साने त्यांना ५०-४८ असे हरवले, तेही तिसऱ्या जादा डावात. विजेतेपदाची आशा मावळली असे सर्वांनी धरले. त्याच सुमारास मिशिगनचे प्रशिक्षक लॉइड कार यांनी निवृत्ती जाहीर केली होती, आणि त्या जागी मिशिगनचेच जुने खेळाडू माइल्स जाणार अशी कुजबुज वाढत होती. १ डिसेंबरला अटलांटामध्ये टेनेसीविरुद्ध विभागीय विजेतेपदाचा सामना होता. त्या सकाळी ईएसपीएन वाहिनीवर कर्क हर्बस्ट्रीट यांनी माइल्स मिशिगनला जाणार अशी बातमी दिली. सामना सुरू होण्याच्या काही तास आधी माइल्स पत्रकारांसमोर आले. एरवी ज्यांचे एक वाक्य दुसऱ्याला भेटत नसे, ते या दिवशी विलक्षण सरळ बोलले. ईएसपीएनवर चुकीची माहिती दिली गेली आहे, मी एलएसयूचा प्रशिक्षक आहे आणि राहणार आहे, मला दुसऱ्या कोणाशी बोलण्यात रस नाही, माझ्या संघाला आज विजेतेपदाचा सामना खेळायचा आहे, प्रश्न नंतर विचारा, असे सांगून आणि सर्वांना दिवस छान जावो असे रागातच म्हणून ते निघून गेले. एकही प्रश्न घेतला नाही.

फ्लिन जखमी असल्यामुळे राखीव क्वार्टरबॅकला घेऊन खेळलेल्या एलएसयूने टेनेसीला २१-१४ असे हरवले. त्याच रात्री क्रमवारीतील पहिला मिझुरी आणि दुसरा वेस्ट व्हर्जिनिया हे दोन्ही संघ हरले. सातव्या क्रमांकावरचा एलएसयू दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला, ७ जानेवारी २००८ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ओहायो स्टेटविरुद्धचा अंतिम सामना ३८-२४ असा जिंकला आणि दोन पराभव पदरी असूनही राष्ट्रीय विजेता ठरला. मिशिगनने अखेर ज्यांना नेमले ते रिच रॉड्रिग्ज म्हणजे १ डिसेंबरला हरलेल्या वेस्ट व्हर्जिनियाचेच प्रशिक्षक. असा योगायोग कादंबरीत घातला तर संपादक तो खोडायला लावेल.

विजेतेपदानंतर माइल्स यांचे आणि पत्रकारांचे नाते एका विचित्र सोयीवर स्थिरावले. ते पत्रकारांना डावपेचांविषयी जवळपास काहीच सांगत नसत. त्याबदल्यात छापण्याजोगे काहीतरी मात्र नेहमी देत. २०१० मध्ये अलाबामाविरुद्धच्या सामन्यात त्यांनी मैदानावरचे गवत उपटून चघळल्याचे कॅमेऱ्याने टिपले. विचारल्यावर त्यांनी सांगितले की आपण या मैदानाचा एक भाग आहोत याची जाणीव ठेवणारी ही आपली छोटीशी प्रथा आहे, आणि चवीला टायगर स्टेडियमचे, म्हणजे एलएसयूच्या घरच्या मैदानाचे, गवत सर्वांत उत्तम. त्याच सामन्यात चौथ्या डाउनवर एक यार्ड हवे असताना सगळा बचाव मधोमध गोळा होईल हे ओळखून त्यांनी टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहणारा खेळाडू) डिअँजेलो पीटरसनला उलट्या बाजूने पळवले होते, आणि त्याने २३ यार्ड काढले होते. वर सांगितलेल्या जुन्या वळणाच्या चालींचा धाक बसला होता म्हणूनच ही चाल चालली. एलएसयूने २४-२१ असा विजय मिळवला; चर्चा मात्र गवताची झाली.

घड्याळाच्या बाबतीत ही विनोदी प्रतिमा त्यांच्या अंगाशी आली. २००९ मध्ये ओल मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ, याच्याविरुद्ध २५-२३ असे मागे असताना बरेच सेकंद वाया गेले. मग एका लांब फेकीने संघ टोकाजवळ पोहोचला तेव्हा घड्याळात एक सेकंद होता. किक मारणारे तयार नव्हते, क्वार्टरबॅकने घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू जमिनीवर आपटला आणि तेवढ्यात वेळ संपला. तो आपटण्याचा आदेश कोणाचा, यावर माइल्स यांनी दिलेली उत्तरे दूरचित्रवाणीवर दिसलेल्या दृश्यांशी जुळत नव्हती, आणि लोक चिडले ते मुख्यतः याच कारणाने. पुढच्या वर्षी टेनेसीविरुद्ध असाच गोंधळ होऊन वेळ संपली, टेनेसीचे खेळाडू नाचू लागले, आणि मग पंचांना दिसले की त्यांचे मैदानात अकराऐवजी तेरा खेळाडू होते. दंड म्हणून मिळालेल्या जादा चालीवर एलएसयू १६-१४ असा जिंकला. याला मी नशीबच म्हणेन, दुसरा शब्द सापडत नाही.

लगेच पुढच्या आठवड्यात फ्लोरिडाविरुद्ध फील्ड गोलची हूल देऊन मागे उडवलेला चेंडू जमिनीवर टप्पा घेऊन थेट जॉश जॅस्परच्या हातात आला आणि एलएसयूने सामना ३३-२९ असा खेचला. टप्पा पडण्यात नशीब होते, पण बरोबरी साधण्यासाठी ५० यार्डांहून लांबची किक मारण्यापेक्षा तीन यार्डांसाठी हूल देणे हा विचार मुळीच खुळा नव्हता.

माइल्स यांना जुगारी म्हणणाऱ्यांनीच पुढे त्यांना अतिसावध म्हणायला सुरुवात केली, आणि तेही खरे होते. २०११ मध्ये सलग १३ सामने जिंकलेला त्यांचा संघ ९ जानेवारी २०१२ रोजी अंतिम सामन्यात अलाबामाकडून २१-० असा हरला, आणि संपूर्ण सामन्यात त्याला जेमतेम ९२ यार्ड काढता आले. आक्रमण अडलेले स्पष्ट दिसत असताना क्वार्टरबॅक बदलला नाही. त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत न्यू ऑर्लिन्सचे माजी व्यावसायिक क्वार्टरबॅक आणि नभोवाणी निवेदक बॉबी हेबर्ट यांनी, ज्यांचा मुलगा त्याच संघात खेळत होता, प्रश्न विचारण्याच्या नावाखाली डावपेचांवर भाषणच केले. पत्रकार, माजी खेळाडू आणि पालक अशा तिन्ही भूमिकांत असलेला माणूस प्रशिक्षकाला जाब विचारतो आहे, हे दृश्य अमेरिकेच्या दक्षिणेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलविषयी बरेच काही सांगून जाते.

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना काढणार अशा बातम्या दोन आठवडे छापून येत राहिल्या. टेक्सास ए अँड एमविरुद्ध १९-७ असा विजय मिळाल्यावर खेळाडूंनी त्यांना खांद्यावर घेतले, आणि क्रीडा संचालक जो अलिव्हा यांनी ते पदावर राहतील असे जाहीर केले. पुढच्या वर्षी २४ सप्टेंबरला ऑबर्नविरुद्ध शेवटच्या चालीवर एलएसयूने टचडाउन केले, पण चेंडू खेळात येण्याआधीच घड्याळ शून्यावर आले होते म्हणून तो रद्द झाला. निकाल १८-१३. दुसऱ्या दिवशी माइल्स यांची नोकरी गेली.

माइल्स आणि पत्रकार यांच्या नात्याची एक गंभीर बाजूही आहे. विद्यार्थिनींशी असलेल्या त्यांच्या वागणुकीविषयी एलएसयूने २०१३ मध्ये करून घेतलेला चौकशी अहवाल मार्च २०२१ मध्ये, वृत्तपत्राच्या न्यायालयीन पाठपुराव्यानंतर, उघड झाला. माइल्स यांनी आरोप नाकारले, पण काही दिवसांतच कॅन्सस विद्यापीठातील प्रशिक्षकपद त्यांनी विद्यापीठाशी परस्परसंमतीने सोडले. दर आठवड्याला कॅमेऱ्यांसमोर बसणाऱ्या माणसाविषयीची ही माहिती आठ वर्षे बाहेर आली नव्हती. गवत आणि टोपी यांच्या बातम्यांनी भरलेल्या त्या वर्षांकडे पाहताना हे विसरता येत नाही. पुढे २०२३ मध्ये एका खेळाडूच्या वडिलांना दिलेल्या बेकायदा पैशांच्या प्रकरणामुळे २०१२ ते २०१५ या काळातील ३७ विजय अधिकृत नोंदीतून रद्द झाले.

चौथ्या डाउनचे गणित मात्र आता सर्वमान्य झाले आहे. बहुतेक मोठ्या संघांकडे कोणत्या जागी खेळावे आणि कोणत्या जागी नाही याचे तयार तक्ते असतात, आणि पत्रकारही ते आकडे वाचून येतात. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी ओरेगॉनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग वॉशिंग्टनविरुद्ध चौथ्या डाउनवर तीनदा खेळले आणि तिन्ही वेळा फसले. त्यांतला शेवटचा प्रयत्न चार गुणांनी पुढे असताना, सामना संपायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ उरलेला असताना, मैदानाच्या मध्याजवळ केलेला होता. वॉशिंग्टनने लगेच टचडाउन केले, ओरेगॉनची शेवटची किक चुकली आणि सामना ३६-३३ असा गेला. लॅनिंग यांनी पराभवाची सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली, प्रश्नांना उत्तरे दिली आणि पद्धत बदलली नाही. ओरेगॉनने त्या हंगामात १२ सामने जिंकले. हरलेले दोन्ही सामने वॉशिंग्टनविरुद्धचेच होते.